‘समजलं’ म्हणणाऱ्या बायका

तू तो फोन बाजूला ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये काही विचारू नकोस, सगळं ओळीनं येणारच आहे.

बुधवारची सकाळ. रोजच्यासारखीच. वकिलाच्या घराच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन खडखडतंय, पुढच्या खोलीत फायलींचे ढीग, आणि मधल्या बोळातून वकील एका पायात मोजा घालून दुसरा शोधत फिरतोय. आमदार होऊन तीन वर्षं झाली होती त्याला, पण मोजे अजून आपणहून सापडायला लागले नव्हते. कोर्टात सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे, गल्लीत आमदारसाहेब. मागच्या खोलीतून मात्र आवाज यायचा, "बाबू, खुर्चीखाली बघ."

तो आवाज त्याच्या ताईचा. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती त्या मागच्या खोलीतच राहत होती आणि वकिलांचे बँड शिवत होती. गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबतात ना, ते. काळे गाऊनही शिवायची. अर्ध्या कोर्टाच्या गळ्यात तिचं शिवण. तरुण वकील तिला बँडवाल्या ताई म्हणायचे, आणि ती त्यांची चेष्टा करायची की खोटी केस घेतलेला वकील मला मापावरून कळतो, बँड एक बोट सैल मागतो.

तर त्या सकाळी वकील वाकून खुर्चीखाली मोजा शोधतोय, आणि मशीन थांबलं. ताईनं विचारलं, शुक्रवारी सही आहे ना? तो हो म्हणाला. मग ती म्हणाली, "मग माझं मशीन कुठे जाणार?"

बस. एवढंच विचारलं. आणि त्याला नेमका तेव्हाच मोजा सापडला.

आता हे सहीचं काय ते सांगायला हवं. घर वडिलांचं. वडील गेले तेव्हा दोन भावांच्या नावावर झालं, एक हा वकील आणि दुसरा धाकटा, ज्याचं चौकात चष्म्याचं दुकान आहे. धाकट्यानं एक बिल्डर गाठला होता. जुनं घर पाडायचं, तिथे सहा मजली इमारत, दोघा भावांना एकेक फ्लॅट, आणि वकिलाला तळमजल्यावर ऑफिस. स्वतंत्र दाराचं ऑफिस. तुला हसू येईल, पण या दारापायी वकील वीस वर्षं झुरत होता. पक्षकार खुनाच्या केसचं बोलत असायचा आणि शेजारून कुकरची शिट्टी व्हायची. नकाशा महिनाभर त्याच्या टेबलावर पडला होता. त्यानं तो शंभरदा पाहिला होता. त्या नकाशात मोटारीला जागा होती, पाण्याच्या टाकीला जागा होती, मीटरच्या पेटीला जागा होती. ताईला नव्हती. आणि ते त्याला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. "बघू ना, काहीतरी सोय करू," असं तो मोजा चढवत म्हणाला, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

ताईचा हिस्सा कुठे गेला म्हणशील, तर तिनं तो सोडला होता. एकोणीस वर्षांपूर्वी. सही करून.

आणि गंमत बघ, गंमत कसली, त्याच दिवशी दुपारी वकील कुठे निघाला होता माहितीये? विधानभवनात. त्याच्या स्वतःच्या विधेयकावर समिती बसायची होती. आपल्याकडे कसं चालतं तुला ठाऊक आहे. बाप गेला की भाऊ बहिणीला नीटनेटके कपडे घालायला सांगतात, रिक्षात घालतात, निबंधकाच्या कचेरीत नेतात, आणि ती हक्कसोडपत्रावर सही करते. कुणी मारत नाही, कुणी ओरडत नाही. फक्त सगळ्यांना माहीत असतं की सही झाली नाही तर माहेर संपलं. बाळंतपणाला कुणी बोलवणार नाही, आजारपणात कुणी बघणार नाही, दार उघडेल पण फटीएवढंच. वकिलाचं विधेयक म्हणत होतं की बाईला आत एकटीला बोलवा, भावांना बाहेर बसवा, आणि महिन्याभरानं तिला पुन्हा बोलावून पुन्हा विचारा. तेव्हाच तो कागद खरा.

आणि हे त्याला मनापासून हवं होतं बरं का. दिखाऊ नव्हता तो. एक पक्षकारीण होती त्याची, तीन भावांची बहीण, कोर्टाच्या पायरीवर बसून डबा खायची कारण राहायला कुठे नव्हतं. तिची केस तो हरला, कारण कागदावर सही होती. त्यानंतर तो निवडणुकीला उभा राहिला. तेव्हा नाटक करत नव्हता, हे लक्षात ठेव. नाटक असतं तर मी तुला हे सांगतच बसलो नसतो.

समितीत अकरा जण. पाच बाजूनं, पाच विरुद्ध, आणि अकराव्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. बाईंचं मत कुणाला कळत नव्हतं. आमदार झाल्या तरी शाळेची सवय गेली नव्हती, दर वाक्यानंतर "समजलं का?" आणि मंत्रीसुद्धा मान हलवायचे.

विरोधातला म्होरक्या म्हणजे दाजी. खरा कुणाचाच दाजी नाही, पण पाचव्यांदा निवडून आलेला, हसरा, गोल, सगळ्या सभागृहाला आपली सासुरवाडी समजणारा. भाषणानं नव्हे, विनोदानं विधेयकं पाडायचा.

तीन बायकांच्या साक्षी झाल्या. पहिली लाँड्रीवाली. दुसरी खूप म्हातारी, तिला कागद कसला होता तेच आठवेना. तिसरी नर्स, चांगली शिकलेली. दाजीनं तिला प्रेमानं विचारलं की सिस्टर, तुम्ही रोज औषधांच्या बाटल्या वाचता, हा कागद वाचता आला नाही होय? ती म्हणाली, "वाचता आला ना. साहेबांनी विचारलं, समजलं का? मी शिकलेली बाई, समजलं नाही कसं म्हणू? म्हटलं समजलं. त्यांनी लिहिलं, मान्य केले."

वकिलानं ते वाक्य पेन्सिलीनं लिहून घेतलं. खाली रेघ मारली. त्याला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात दाजीनं पिशवीतून एक कागद काढला. सावकाश, चष्मा पुसून. म्हणाला, बाई, या बायका म्हणतायत तो मसुदा मी कचेरीतून काढून आणलाय. फार सुंदर लिहिलाय हो. आणि त्यानं वाचला. सदर लेख मी स्वतः मोठ्याने वाचला, तो मला पूर्णपणे समजला, सबब मी राजीखुशीने माझा हक्क सोडत आहे. कचेरीत म्हणे या एकाच साच्याचे दोनशे सहा कागद सापडले. सगळे एकाच वकिलाच्या हातचे. इतका चांगला मसुदा की इतर वकीलही उतरवून घेत होते.

"आता या दोनशे सहापैकी पहिला कुणाचा ते वाचतो," दाजी म्हणाला. "लिहून देणार, आपल्या या सन्माननीय सदस्यांची सख्खी मोठी बहीण. मसुदा करणार, सन्माननीय सदस्य. आता भाऊसाहेब, तुम्हीच सांगा. बहिणीला लुबाडलंत, की हे विधेयक लुटुपुटीचं आहे? दोन्हीतलं एक तर असणारच."

सगळे हसले. त्याच्या बाजूचेही हसले, पटकन, सवयीनं. वकील उभा राहिला आणि नुसते पुढ्यातले कागद खालीवर करत राहिला. इतकी वर्षं कोर्टात बोलणारा माणूस. शेवटी बाईंनीच टेबलावर पेन आपटलं आणि म्हणाल्या की उत्तर उद्या दुपारी दोनला द्या. आणि बहिणीलाही आणा. तिचं तिला सांगू द्या.

तो संध्याकाळी घरी पोचला तर धाकटा आधीच येऊन बसलेला. बातमी चष्म्याच्या दुकानात त्याच्या आधी पोचली होती. धाकटा वाईट नाहीये, हां. तू लगेच त्याला खलनायक करू नकोस. तो म्हणत होता, मी काय ताईला रस्त्यावर टाकतोय का? माझ्याकडे राहील की. हॉलमध्ये दिवाण आहे. आणि मशीन? मशीन नको, पोरांचा अभ्यास असतो, खडखड होते. या वयात तिला शिवायची गरज काय? त्याला खरंच वाटत होतं की तो उदार होतोय.

त्यानं अर्धं पान लिहून आणलं होतं. ताईनं उद्या एवढंच वाचायचं. मी त्या वेळी स्वखुशीने सही केली, माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता, माझे दोघे भाऊ मला चांगले सांभाळतात. म्हणजे दादाची अब्रू वाचली आणि शुक्रवारी सही सुरळीत. विधेयक काय, पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणता येईल. "तुला काही बोलायचंच नाहीये, दादा," तो म्हणाला. "तू नुसतं बसायचं."

कोपऱ्यात वकिलाचे कारकून काका फायलीला नाडी बांधत होते. सत्तरीचे. एकोणीस वर्षांपूर्वी त्या कचेरीत साक्षीदार म्हणून तेच होते. धाकटा गेल्यावर ते म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी कचेरीच्या पायऱ्यांवर तुमच्या शेजारीच होतो. मला काही विचारू नका. विचारलंत तर सांगावं लागेल." आणि टोपी घालून निघून गेले.

वकील बोळातून मागच्या खोलीपाशी गेला. ताई बँडला इस्त्री करत होती, शेजारी बारा-पंधरा जोड्या वाळत घातल्यासारख्या दोरीवर. धाकट्याचं अर्धं पान कात्रीखाली ठेवलेलं. तिनं वर न बघता विचारलं, "उद्या काय बोलू रे?"

तो म्हणाला, तुला वाटेल ते बोल.

ती हसली. म्हणाली, मला वाटेल ते बोलले तर तुझं काय होईल, ते काही तू सांगितलं नाहीस. त्यानं दोरीवरचा एक बँड सरळ केला. मग तीच म्हणाली, "लिहून दिलंय ना त्यानं. अक्षर चांगलं आहे. वाचीन. वाचायला मी कधी नाही म्हटलंय?"

त्याच्या जिभेवर एक वाक्य होतं. अगदी टोकावर. ते त्यानं तसंच परत आणलं, बोळातून, पुढच्या खोलीत, आणि नकाशासमोर बसून राहिला.

गुरुवार, दुपारी दोन. समितीची खोली लांबट, मधे मोठं टेबल, भिंतीला जुन्या अध्यक्षांचे फोटो, आणि साक्षीदाराची खुर्ची दाराजवळ, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागेल अशी. ताई त्या खुर्चीत. धाकटा मागे बाकावर, दुकान बंद करून आलेला. दाजी पान चघळल्यासारखा काहीतरी चघळत. बाईंनी ताईला सांगितलं, घाबरू नका, सावकाश बोला. ताई म्हणाली, बोलायचं नाहीये, वाचायचंय. आणि तिनं कागद उघडला.

आणि काय वाचलं तिनं! प्रत्येक अक्षर सुटं, स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन. खोलीतली कुजबुज थांबली. त्या आवाजात वाचलेलं काहीही खरंच वाटलं असतं. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता, माझे दोघे भाऊ मला चांगले सांभाळतात. कागद घडी घालून मांडीवर ठेवला.

बाईंनी सवयीनं विचारलं, यात काय लिहिलंय ते समजलं ना?

ताई म्हणाली, समजलं.

बाई लघुलेखकाकडे वळल्या आणि सांगू लागल्या, लिहा, साक्षीदाराने निवेदन वाचून मान्य केले. मागे धाकट्यानं श्वास सोडला, सगळ्यांना ऐकू येईल एवढा. दाजीनं कागद गोळा करायला घेतले.

आता वकिलाच्या जागी तू स्वतःला बसव जरा. त्यानं नुसतं बसायचं होतं. बसला की सगळं जागच्या जागी. अब्रू राहिली, वकिलीची सनद राहिली, आमदारकी राहिली, उद्या सही, वर्षभरात स्वतंत्र दार. विधेयक लंगडं झालं असतं, पण मेलं नसतं. आणि ताईला छप्पर तर मिळणारच होतं, दिवाणावरचं का होईना. कुणीच त्याला काही म्हणालं नसतं. ताई तर नाहीच नाही.

पण त्याच्यासमोर कालचा कागद होता, पेन्सिलीनं लिहिलेलं नर्सचं वाक्य, खाली रेघ. साहेबांनी विचारलं समजलं का, मी म्हटलं समजलं, त्यांनी लिहिलं मान्य केले. आणि आत्ता, दोन हात अंतरावर, त्याच्या डोळ्यांदेखत तेच झालं होतं. बाईंच्या हातून. चांगल्या, प्रामाणिक बाईंच्या हातून, नुसत्या सवयीनं.

तो उठला. म्हणाला, मला साक्षीदाराला एक प्रश्न विचारायचाय. दाजीनं हरकत घेतली, स्वतःच्या बहिणीची उलटतपासणी करणार की काय. बाई म्हणाल्या, एकच विचारा.

"ताई, तू आत्ता जे वाचलंस ते तुला मान्य आहे का?"

लघुलेखकाची बोटं यंत्रावर तशीच थांबली. ताईनं चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. धाकट्याकडे पाहिलं. मग याच्याकडे. वकिलाला नंतर आठवायचं ते एवढंच, की भिंतीवरच्या फोटोंपैकी एक तिरका लागलाय.

"नाही," ती म्हणाली.

मागे बाक करकरला. ताईनं हात वर केला, शांत बस म्हणून, लहानपणी करायची तसा.

"आता विचारलंसच तर ऐक, बाबू. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चाळीस दिवस पट्टी. तुझी सगळी पुस्तकं मी तुला वाचून दाखवली. दर पानाला विचारायची, समजलं का? तू भिंतीला टेकून झोपेत म्हणायचास, समजलं. मला कळायचं की काही समजलेलं नाही. मी मागचं पान पुन्हा वाचायची." ती थांबली. "कचेरीत मी समजलं म्हटलं तेव्हा तुलाही कळलं होतं. तू मागचं पान उघडलं नाहीस."

वकील बसला नव्हता अजून, उभाच होता. तो लघुलेखकाकडे वळला आणि म्हणाला, माझंही लिहून घ्या. मसुदा मी केला. वाचायला मी दिला.

तेव्हा दाजी, अरे, तोच दाजी, टेबलावरून पुढे वाकला. हसू पार गेलेलं. हळूच म्हणाला, "बसा खाली, भाऊसाहेब. वेडेपणा करू नका. सनद जाईल."

वकिलानं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली, म्हणजे ऐकू आलं एवढंच, आणि पुढे बोलत राहिला. "कचेरीच्या पायऱ्यांवर तिनं मला विचारलं होतं, नाही म्हटलं तर घरी येता येईल ना रे? मी हसलो. म्हटलं, चल, उशीर होतोय. ते उत्तर नव्हतं, धमकी होती. मी वकील होतो. मला फरक कळत होता."

आणि मग खाली बसला.

तुला वाटत असेल आता सगळं गोड झालं. नाही झालं. समितीत बाईंनी बाजूनं मत दिलं, सहा विरुद्ध पाच. पण सभागृहात विधेयक अकरा मतांनी पडलं. घरोघरी बहिणी आहेत ना, आमदारांनाही. सनदेची चौकशी लागली, ती अजून चालू आहे. पक्षानं सांगितलं, पुढच्या वेळी तिकिटाचं धरून चालू नका.

शुक्रवारी बिल्डरच्या कचेरीत वकील गेला, नेमलेल्या वेळेला, आणि उभ्यानंच सांगितलं की मी सही करणार नाही. आधी घरावर ताईचं नाव लागेल, मग ती सांगेल तसं. धाकट्याच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. तो म्हणाला, "तू पुढारी झालास आणि मी चोर, होय ना?" वकील म्हणाला, चोर मीही आहे, मोठा मीच आहे. धाकट्यानं त्याच दिवशी बोलणं टाकलं. त्याच्या वकिलानं नोटीस पाठवली की एकोणीस वर्षांनी कसला हक्क, मुदत केव्हाच गेली. असेलही गेली. कोर्ट काय ते ठरवेल. पण वकिलानं स्वतःचा जो अर्धा भाग होता त्यात ताईचं नाव लावून टाकलं, मागच्या खोलीसकट. त्याला कुणाच्या निकालाची गरज नव्हती, हे तो एकोणीस वर्षांत कधीही करू शकला असता, आणि तेच त्याला जास्त लागलं. ताई काही फार आनंदली बिनंदली नाही. धाकट्याच्या घरावरून जाताना ती अजून रस्ता बदलते. मशीन मात्र चालू आहे.

आणि तरी मला तुला हे नाही सांगायचं होतं. खरी गोष्ट पुढेच आहे. दोनशे सहापैकी एक झाली. राहिल्या दोनशे पाच.

वकिलानं कारकून काकांना बसवलं, कचेरीतून यादी उतरवून आणायला लावली, आणि दोघांनी मिळून पोस्टकार्डं लिहायला घेतली. सगळ्यांना एकच मजकूर. तुमच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मी केला होता. त्या दिवशी समजलं का, असं तुम्हाला विचारलं गेलं. मान्य आहे का, असं विचारलं नाही. आज विचारतो. उत्तर नाही असेल तर मी कोर्टात येऊन तसं सांगेन, तुमच्या बाजूनं, स्वतःच्या विरुद्ध. काकांचा हात थरथरतो म्हणून पत्ते ताईनं घातले. काका म्हणाले, साहेब, प्रत्येक कार्डावर तुम्ही आपल्याच गळ्याचं माप देताय. ताई म्हणाली, असू दे, सैल शिवीन.

कार्डं गेली आणि लोक यायला लागले. बायका नाही, भाऊ. त्याचेच पक्षकार, मतदार, शेजारी. तुमच्या बहिणीचं तुम्ही बघा, आमच्या घरात काडी कशाला टाकता? काही चिडून आले, काही रडून. बायकांची उत्तरं हळूहळू आली. काहींनी लिहिलं, खरंच मान्य होतं. काहींनी लिहिलं, नव्हतं. बऱ्याच जणींनी काहीच नाही.

आणि परवा एक माणूस आला. दुधाची गाडी आहे त्याची. निवडणुकीत यानंच वकिलाला खांद्यावर घेऊन अख्खी पेठ फिरवली होती, मतं जमवली होती, वकिलाची बायको आजारी असताना पहाटे हॉस्पिटलात तोच बसला होता. भला माणूस. खरंच भला. तो खुर्चीत बसला नाही, दाराला धरून उभा राहिला. म्हणाला, माझ्या बहिणीचं कार्ड मी पोस्टमनकडून घेतलं. तिला दिलं नाही. तिचा हिस्सा निघाला तर माझी गाडी जाते, गोठा जातो, तीन पोरं आहेत. ती सुखात आहे, तिनं कधी काही मागितलेलं नाही. आणि मग, "साहेब, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलंय? हे एक मागतो. एक कार्ड विसरा. दोनशे पाचातलं एक."

वकिलानं त्या माणसाच्या हातांकडे पाहिलं. मग उठला, त्यानं बूट घातले, आणि म्हणाला, चल, मी तुझ्याबरोबर येतो. तिला भेटतो. तू बाहेर बस.

तो माणूस दारातून बाजूला झाला नाही. दोन्ही हात चौकटीला लावून उभा. रडत होता, पण हलला नाही. आणि वकील बूट घालून त्याच्यासमोर, एवढ्या अंतरावर.

वकील गेला का, ते मी तुला सांगेन. आधी तू सांग. तुझ्यासाठी पहाटे हॉस्पिटलात बसलेला माणूस दारात उभा आहे, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी एक बाई आहे जिला ठाऊकच नाही की तिला कुणी काही विचारलंय. खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. तू काय केलं असतंस?